फोन कुणाचा, पाळत कुणाची?

(कल्याण येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं संपादित केलं आहे.)



या शिबिरात मी कशावर बोलणार हे कळवलं, तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, की फोन टॅपिंगचा आणि आपल्या कामाचा संबंध काय? तो पुढाऱ्यांचा प्रश्न, फार तर पत्रकारांचा. आपल्या केंद्रावर येणारी बाई धुणीभांडी करते नाहीतर डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत नोकरीला जाते. तिचं बोलणं सरकार कशाला ऐकेल?

सरकार ऐकत नसेलही. पण सरकारसाठी जमा होणारी माहिती तिचा नवरा विकत घेऊ शकतो. हे मी कल्पनेने सांगत नाही, आपल्याच ठाण्यात घडलेली गोष्ट आहे.

२०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने खाजगी गुप्तहेरांची एक साखळी पकडली. लोकांचे कॉल रेकॉर्ड, ज्याला आपण सगळ्या सीडीआर म्हणतो, ते मिळवून गिऱ्हाइकांना विकले जातात असा पोलिसांचा आरोप होता. ज्यांच्या मुलाखती आपण कौतुकाने वाचल्या त्या रजनी पंडित यांनाही फेब्रुवारीत अटक झाली, पुढे जामीन मिळाला. यवतमाळ पोलीस दलातला एक शिपाईही पकडला गेला. मार्चमध्ये मुंबईतल्या एका वकिलांना अटक झाली, एका सिनेनटाच्या पत्नीचा सीडीआर मिळवल्याच्या आरोपावरून. ती अटक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि त्यांना सोडायला लावलं. तेव्हा कोण दोषी आणि कोण नाही, हे मी इथे उभी राहून ठरवत नाही. आरोप हे आरोप आहेत. माझं लक्ष गिऱ्हाइकांकडे आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती तुम्ही वाचल्या असतील: लग्नाआधीची चौकशी, लग्नानंतरची चौकशी, संपूर्ण गुप्तता. गुप्तता कुणाची? पैसे देणाऱ्याची. जिची चौकशी होते तिच्या वाट्याला गुप्तता येत नाही. हा धंदा नियमात आणण्यासाठी २००७ साली संसदेत विधेयक मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आता सीडीआर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुष्कळ जणींचा समज असतो की त्यात बोलणं रेकॉर्ड झालेलं असतं. तसं नाही. सीडीआरमध्ये एकही वाक्य नसतं. तुम्ही कोणत्या नंबरला फोन केला, कोणाचा आला, किती वाजता, किती सेकंद, त्या वेळी तुमचा मोबाइल कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता आणि हँडसेटचा नंबर काय, एवढंच. कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असतात, म्हणून बाई साधारण कोणत्या भागात होती ते कळतं. मुरबाडच्या पलीकडे गेलं की तोच अंदाज काही किलोमीटरचा होतो.

बोलणं नाही तर मग बिघडलं काय, असं वाटेल. एका बाईच्या पंधरा दिवसांच्या यादीची कल्पना करा. सकाळी अकराला एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात फोन. दुसऱ्या दिवशी बहिणीला चाळीस मिनिटं. मग १८१ या महिला हेल्पलाइनला एक छोटा फोन. दोन दिवसांनी आपल्या केंद्राचा नंबर. मग कल्याणच्या कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंचा. त्या दुपारी टॉवर कोर्टाच्या भागातला, एरवी त्या वेळी ती घरी असते. या यादीत एक शब्द नाही, पण बाई घर सोडायच्या तयारीला लागली आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि आपल्याला अनुभवाने माहीत आहे, की मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून बाई बाहेर पडायला निघते तोच काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो.

मोबाइल कंपन्यांनी ही यादी किती दिवस जपून ठेवायची? पूर्वी वर्षभर ठेवावी लागत असे. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्याच्या अटी बदलून ती मुदत दोन वर्षांवर नेली. देशातल्या प्रत्येक फोन वापरणाऱ्या माणसाची, कसलाही संशय नसताना. सरकार म्हणतं सुरक्षेसाठी. असेल. पण धान्याचं कोठार मोठं केलं की उंदीर वाढतात, हे सांगायला मास्टर्सची पदवी लागत नाही.

कायद्यात दोन दारं आहेत, ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत. एक दार बोलणं ऐकण्याचं. १८८५ चा तार कायदा इंग्रजांनी केला. त्यातलं कलम ५(२) स्वातंत्र्यानंतरही राहिलं: सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच सरकार संदेश अडवू किंवा ऐकू शकतं. तरी फोन ऐकले जातच होते. १९८८ मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना याच प्रकरणावरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मग पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला, की फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, ते ऐकायचं तर गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, आदेशाला मुदत हवी, आणि एका समितीने तो तपासला पाहिजे. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे आणि फोन ऐकण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. भाषा बदलली, सांगाडा तोच आहे: सरकारी अधिकारी आदेश देणार, सरकारी अधिकाऱ्यांचीच समिती तो तपासणार. न्यायाधीश कुठेच नाही. जिचा फोन ऐकला तिला नंतरसुद्धा कळवायचं नाही.

या समितीला तपासायला वेळ तरी मिळतो का? माहितीच्या अधिकारात एकदा उघड झालं, की एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की ही आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. हे न्यायमूर्ती श्रीकृष्ण म्हणजे मुंबई दंगलीच्या चौकशीचे. त्यांचे अहवाल बासनात बांधून ठेवायची सरकारांना जुनी सवय आहे.

दुसरं दार सीडीआरचं. ते यापेक्षा कितीतरी हलकं आहे. त्याला गृहसचिवाची सही लागत नाही, आढावा समिती नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे. तपासासाठी कागद, वस्तू, इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवण्याचा हा पोलिसांचा रोजचा अधिकार. २०१३ साली दिल्लीत अरुण जेटली यांचे कॉल रेकॉर्ड मिळवण्याच्या प्रयत्नात एक पोलीस शिपाई पकडला गेला, तेव्हा कुठे गृहखात्याने सांगितलं की अशी मागणी अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच जावी. म्हणजे राज्यसभेतल्या विरोधी पक्षनेत्यावर बेतलं तेव्हा दाराला कडी लागली. पाच वर्षांनी ठाण्याचं प्रकरण उघड झालं, तेव्हा ती कडी किती पक्की होती तेही दिसलं.

महाराष्ट्राबद्दल आणखी एक सांगते आणि कायद्याचा भाग आवरता घेते. २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की ते खासदार असताना त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली, अमली पदार्थांच्या प्रकरणातला माणूस म्हणून ऐकला गेला. पुढे पुण्यात आणि मुंबईत वरिष्ठ पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. खरं काय ते त्या फायलींना ठाऊक. पण एका मुसलमान नावावर अमली पदार्थांचा शिक्का मारला की कुणी प्रश्न विचारत नाही, हे गृहीत धरूनच असं नाव निवडता येतं. मुंब्र्यात आणि भिवंडीत काम करणाऱ्या मैत्रिणींना मी याहून जास्त समजावून सांगायला नको.

याच उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार खटल्यात चांगला निकाल दिला होता तोही लक्षात ठेवा. दहा लाखांच्या लाचेच्या आरोपावरून एका व्यावसायिकाचा फोन ऐकला गेला होता. न्यायालय म्हणालं, ही सार्वजनिक सुरक्षिततेची बाब नाही. तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

आता मला ज्यावर खरं बोलायचं आहे तिथे येते. ‘खाजगी’ हा शब्द आपल्या चळवळीला कधी आवडलेला नाही. का आवडावा? बाई डोकं फुटून पोलीस चौकीत गेली, की हवालदार म्हणायचा, हा तुमचा घरचा मामला आहे, घरी जाऊन मिटवा. शेजारी दार लावून घ्यायचे, कारण नवराबायकोचं खाजगी. घरातला मार हा समाजाचा प्रश्न आहे असं म्हणत बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये ४९८अ आलं, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. आपण तर ‘खाजगी’च्या भिंती पाडल्या. मग आज मी खाजगीपणाच्या हक्काची बाजू घेऊन उभी कशी?

कारण त्या भिंती घराच्या होत्या, बाईच्या नव्हत्या. घराला खाजगीपण होतं, घरातल्या बाईला कधीच नव्हतं. तिचं पत्र आधी सासरा फोडायचा. तिची पेटी सासू उघडायची. माहेराहून आलेला फोन दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर घ्यायचा. आज तिच्या हातात मोबाइल आहे, पण त्याचा पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असला पाहिजे हा घराघरातला अलिखित नियम आहे. ‘तुझ्या मनात काही नाही तर लपवतेस कशाला?’ हे वाक्य किती जणींनी ऐकलं आहे, हात वर करा म्हटलं तर मला मोजता येणार नाहीत. नागरिकाने पाळतीविरुद्ध तक्रार केली की सरकारही अगदी हेच वाक्य बोलतं. मला वाटतं, शासनाने ते घरातून उचललं.

आणि या हक्काच्या इतिहासात महाराष्ट्रातल्या एका बाईचं देणं आहे, ते आपणच विसरलो. १९६५ मध्ये एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या घरात शिरला आणि त्याने तिच्याकडे शरीराची मागणी केली. तिने प्रतिकार केला, आरडाओरडा केला, तक्रार केली. चौकशीत तो दोषी ठरला, नोकरी गेली. उच्च न्यायालयात मात्र तो सुटला, कारण बाई ‘चारित्र्यवान नाही’, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याचं आयुष्य कसं बरबाद करायचं! १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुकर मार्डीकर खटल्यात तो निकाल फिरवला. बाईचं चालचलन कसंही असो, तिच्या खाजगीपणावर कुणालाही वाटेल तेव्हा घाला घालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला, त्याचा सगळीकडे गाजावाजा झाला. त्याच्या सत्तावीस वर्षं आधीचा हा निकाल एका पोलीस अधिकाऱ्याला दाराबाहेर काढणाऱ्या बाईमुळे लागला होता.

आता आपल्या रोजच्या कामातलं. आपल्याकडे येणाऱ्या बाईला केसपेपर भरताना आपण विचारतो, नंबर तुझा का? ती म्हणते हो. पण सीमकार्ड कुणाच्या नावावर, हे आपण विचारत नाही. किती तरी बायकांचं सीम नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा भावाच्या आधारवर घेतलेलं असतं. मग गुप्तहेराची गरजच नाही. कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तो. कॉलचा तपशील तो स्वतः मागवू शकतो, नंबर बंद करू शकतो, त्याच नंबरचं दुसरं सीम काढून तिच्या बँकेचे ओटीपी स्वतःकडे वळवू शकतो. आणि हे सगळं कायदेशीर कागदावर.

दुसरी गोष्ट मिसिंगच्या तक्रारीची. एका मुलीचं उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तेवीस वर्षांची, ठाण्याला नोकरी करणारी मुलगी. घरी ठरवलेलं लग्न नको म्हणून मैत्रिणीकडे नाशिकला गेली. घरी चिठ्ठी ठेवून गेली होती. वडिलांनी हरवल्याची तक्रार दिली. दोन दिवसांत टॉवर लोकेशन निघालं. नाशिकला जी गाडी गेली तिच्यात पोलिसांबरोबर मुलीचा मामा आणि चुलतभाऊ बसले होते. मुलीचा जबाब मामासमोर झाला आणि त्यात ‘मी स्वखुशीने घरी परत जात आहे’ असं आलं. ती स्वखुशी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे ती चार महिन्यांनी आली, मंगळसूत्र घालून.

सज्ञान मुलीने स्वतःच्या मर्जीने घर सोडलं तर तो गुन्हा नाही. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीची जोडीदाराची निवड जपण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. पोलिसांना ती जिवंत आणि सुखरूप आहे का हे पाहायचं असतं. ते पाहावं, तिचा जबाब एकटीचा घ्यावा आणि वडिलांना सांगावं की मुलगी ठीक आहे, पत्ता तिला द्यायचा असेल तर ती देईल. पण होतं काय, की गुन्हेगार शोधण्यासाठी दिलेलं हत्यार घराण्याच्या अब्रूची राखण करायला वापरलं जातं. एरवी मजुराची पोर हरवली तर आयांना तीन तीन दिवस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आणि म्हटलंच पाहिजे, की बाई, सीडीआर तर आपणच मागतो! अगदी खरं. मुलगी पळवून नेली की आपणच ठाण्यात जाऊन बसतो, लोकेशन काढा म्हणून. हुंडाबळीच्या प्रकरणात मरण्यापूर्वी तिने आईला किती वेळा फोन केला हे सीडीआरमधूनच कोर्टापुढे येतं. पाठलाग करणारा रात्री दोनला नंबर बदलून बदलून फोन करतो, त्याला पकडायला दुसरा पुरावा नसतो. तेव्हा सीडीआर नकोच, अशी भूमिका मी घेत नाही, ती घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. मी म्हणते, कुणाचा काढला, कशासाठी काढला, कुणाच्या सहीने काढला आणि तो कुणाच्या हातात गेला, याची नोंद हवी आणि ती नोंद पोलिसांव्यतिरिक्त कुणीतरी तपासावी. तक्रारदार बाईचा स्वतःचा सीडीआर मागवला तर तिला तसं सांगावं. बलात्काराच्या खटल्यात आरोपीचा वकील तिच्याच कॉलची यादी हातात धरून ‘तुम्ही आरोपीशी अमुक वेळा बोललात’ असं विचारायला लागतो, तेव्हा तिला पहिल्यांदा कळतं की आपली यादी निघाली होती. ही कुठली रीत?

१४ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातलं प्रकरण. नवऱ्याने बायकोच्या नकळत तिच्याशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि घटस्फोटासाठी पुरावा म्हणून दिलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते नाकारलं, हा तिच्या खाजगीपणाचा भंग आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि असा पुरावा चालेल असं सांगितलं. आपल्यातल्या काही वकील मैत्रिणींना हे बरोबर वाटतं, कारण शिव्यागाळी, धमक्या, हुंड्याची मागणी यांचं रेकॉर्डिंग हाच पुष्कळदा आपल्या बाईचा एकमेव पुरावा असतो. मला ते पटतं. धमकी देणाऱ्याचं बोलणं जिला धमकी दिली तिने रेकॉर्ड केलं, तर त्यात गैर काही नाही.

पण न्यायालयाने एक विधान केलं, ते मला पचलं नाही. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर तो मोडलेल्या नात्याचा पुरावाच आहे, अशा अर्थाचं. आपला अनुभव काय सांगतो? पाळत नातं मोडल्यावर सुरू होत नाही. ती लग्नाच्या पहिल्या महिन्यात सुरू होते, काळजी म्हणून, प्रेम म्हणून. ‘पोचलीस का? फोटो पाठव. व्हिडिओ कॉल कर, कुठे आहेस दाखव.’ आणि ‘एकमेकांवर’ हा शब्द तर फारच उदार आहे. नवऱ्याचा मोबाइल उघडून बघितला म्हणून मार खाल्लेल्या बायका आपल्याकडे येतात. बायकोचा मोबाइल उघडून बघितला म्हणून मार खाल्लेला पुरुष मी अजून पाहिला नाही. हातात रेकॉर्डर दोघांच्या असेल, पण पुरावा गोळा करण्याची सवड, पैसा आणि वकील कुणाकडे आहे? शिवाय बायकोशी झालेलं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करणं वेगळं आणि तिच्या मोबाइलमध्ये पाळतीचं ॲप टाकून तिचं बहिणीशी, डॉक्टरशी, आपल्याशी झालेलं बोलणं ऐकणं वेगळं. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलं होतं, की नवऱ्याने बायकोचा फोन टॅप करणं बेकायदा आहे. नव्या निकालाचा आधार घेऊन ही रेघ पुसली जाणार नाही, याकडे आपल्या वकिलांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे.

सरकारी योजनांबद्दलही बोलते, कारण पाळत म्हणजे फक्त पोलीस नव्हेत. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला व बालविकास खात्याने आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती गोळा करणारी एक समिती नेमली. वसईच्या एका तरुणीच्या हत्येचं निमित्त होतं. आधी त्यात आंतरजातीय विवाहही होते, आरडाओरड झाल्यावर दोन दिवसांत ते वगळले, आंतरधर्मीय ठेवले. संरक्षणाच्या नावाने यादी. छळ तर स्वजातीत, पत्रिका जुळवून झालेल्या लग्नातही होतो. त्यांची यादी करायची तर कागद पुरणार नाही.

आणि लाडकी बहीण! सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, बाईबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी. ओटीपी कुठे जाणार? त्याच्या मोबाइलवर. पुढे मुदत वाढली, विधवांसाठी आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रांची सोय झाली. पण परित्यक्तेचं काय? जिला घटस्फोटही मिळाला नाही, जी मार चुकवून पत्ता न कळवता राहते आहे, तिने दीड हजार रुपयांसाठी त्याला फोन करून म्हणायचं का, ‘अहो, तेवढा ओटीपी सांगता?’ हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोक्यात बाई म्हणजे कुणाची तरी बायको नाहीतर मुलगी, एवढंच चित्र असणार.

डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच टाकून द्यायचा केंद्राचा आदेश उघड झाला. गदारोळ झाला आणि दोनतीन दिवसांत सक्ती मागे घेतली. बोललं की मागे घेतात, एवढं त्यातून घ्यावं. गंमत अशी, की याच संचार साथीच्या वेबसाइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत हे पाहता येतं, आणि ते बायकांनी पाहावं असं मी सांगत असते. वापरायचं आपण ठरवू, लादून घ्यायचं नाही.

पेगाससचं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये जी यादी उघड झाली तिच्यात, सरन्यायाधीशांवर लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या न्यायालयातल्या कर्मचारी बाईचे आणि तिच्या घरच्यांचे मिळून अकरा नंबर होते असं प्रसिद्ध झालं. यादीत नंबर असणं म्हणजे फोन हॅक झाला असं नव्हे, ते सिद्ध झालेलं नाही. पण तक्रार केल्यावर तिच्या दिराचा नंबर कुणाला कशासाठी हवा होता, हे कुणीच सांगितलं नाही.

म्हणून आपल्या केंद्रांपुरतं काही बदलायला हवं. केस आली की सीम कुणाच्या नावावर ते पहिल्या भेटीत विचारा आणि शक्य तर तिच्या स्वतःच्या नावावर नवं घ्यायला मदत करा. घर सोडण्याआधीचे फोन तिने शेजारणीच्या किंवा केंद्राच्या फोनवरून केले तर बरं. परत फोन करताना ‘महिला केंद्रातून बोलतेय’ असं तो फोन कुणी उचलला ते कळल्याशिवाय बोलू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर केसचं नाव, मारल्याच्या खुणांचे फोटो, पत्ता टाकणं आजपासून बंद. मदतीच्या घाईत होतं हे मला ठाऊक आहे, तरी बंद. रजिस्टरमध्ये नंबर, नावं वेगळ्या वहीत, वही कुलुपात. आपणही बायकांची माहिती साठवतो. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा उद्या आपल्यालाही लागू होणार आहे. सरकारने त्यातून स्वतःच्या खात्यांना सूट देण्याची सोय ठेवली आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच कायद्याने माहितीचा अधिकार मात्र आक्रसला. तो वेगळ्या शिबिराचा विषय आहे.

नवऱ्याने मोबाइलवर पाळत ठेवल्याची तक्रार असेल तर भारतीय न्यायसंहितेचं कलम ७८ दाखवा. बाई इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधन कसं वापरते यावर पुरुषाने पाळत ठेवणं हा त्यात गुन्हा आहे आणि त्यात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. पोलीस ‘नवराच आहे ना’ म्हणतील, तेव्हा कलम वाचून दाखवा. चोरून सीडीआर मिळवला असेल तर दूरसंचार कायद्याचं कलम ४२ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात संरक्षण आदेश मागताना ‘मोबाइल, सीम आणि खात्यांत ढवळाढवळ करू नये’ हे वाक्य वकिलांना घालायला सांगा. मागितलं नाही तर मिळत नाही.

ठाणे पोलीस आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी आणला आहे. मागण्या तीनच ठेवल्या आहेत: हरवलेल्या सज्ञान बाईचा जबाब नातेवाइकांच्या गैरहजेरीत घ्यावा आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा पत्ता किंवा लोकेशन कुणाला देऊ नये; परिमंडळनिहाय वर्षभरात किती सीडीआर मागवले त्याचा नुसता आकडा जाहीर करावा; आणि तक्रारदार बाईचा सीडीआर काढल्यास तिला कळवावं. ठाणे ग्रामीणसाठी पोलीस अधीक्षकांना हेच वेगळ्या पत्राने द्यावं लागेल, शहापूर-मुरबाडच्या मैत्रिणींनी ते पाहावं. मसुदा मागच्या टेबलावर आहे. चहाच्या सुट्टीत वाचा, खटकेल तिथे पेन्सिलीने खूण करा. दुपारच्या सत्रात त्यावर बोलू आणि मगच सह्या करू.